पाचटाचा धूर आणि लाईन नंबर तीन

‘स्वतःच्या मनाने निर्णय घेऊन लाईन थांबवल्याबद्दल आपणावर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.’

एवढं वाक्य टाइप केलं आणि मी थांबले. माझ्या मॉनिटरच्या बरोबर वर, भिंतीवर, एक पोस्टर होतं. हेल्मेट घातलेला एक हसरा माणूस माझ्याकडे बोट रोखून उभा होता आणि त्याच्या पायाशी लिहिलं होतं, ‘निर्णय तुमचा, कंपनी तुमची.’ पोस्टरवरचा मजकूरही मीच टाइप केला होता.

“झालं का?” खैरनार सरांनी दारातूनच विचारलं. खैरनार सर म्हणजे आमचे प्लान्ट हेड.

“सर, ‘स्वतःच्या मनाने’ हे शब्द ठेवायचे का?”

“का? घेतलाच ना तिनं स्वतःच्या मनानं?”

“हो, पण पोस्टरवर आपण...”

“पोस्टर वेगळं, नोटीस वेगळी. पोस्टर सगळ्यांना असतं. नोटीस एकाला असते.”

मी मान हलवली. मला वाद घालता येत नाही. शिरूरच्या इंग्लिश मीडियम शाळेत मी बहुतेक वर्षं गप्प बसून काढली. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात, आणि मला वाटतं त्या समजुतीवरच मला ही नोकरी लागली. माझं पद ‘ऑपरेशन्स अॅनालिस्ट’. मशीनमधून येणारे आकडे रंगीत करून साहेबांना दाखवायचे, हे माझं काम. एचआरची जागा रिकामी होती, म्हणून नोटिसाही माझ्याकडे.

आमची कंपनी रांजणगाव एमआयडीसीत आहे. फ्रिजमध्ये भाजी ठेवायला खाली जो पारदर्शक ट्रे असतो, तो आम्ही बनवतो. प्लॅस्टिकचा दाणा एका गरम नळकांड्यात वितळतो. त्याला बॅरल म्हणतात. तिथून ते प्लॅस्टिक दाबाने साच्यात जातं, गार होतं, ट्रे तयार. पूर्वी ऑपरेटर मशीनचं दार उघडून ट्रे काढायचा, उजेडात धरून बघायचा, कड साफ करायचा आणि खोक्यात ठेवायचा. आता ट्रे रोबोट काढतो आणि कॅमेरा तपासतो. स्क्रीनवर ‘ओके’ आलं की ऑपरेटरने ट्रे खोक्यात ठेवायचा, नाही आलं तर लाल क्रेटमध्ये टाकायचा. ट्रेकडे बघायची गरज उरलेली नाही. एक जुना ऑपरेटर मला म्हणाला होता, “आधी मी मशीन चालवायचो मॅडम. आता मशीन मला चालवतंय. फकस्त नाष्टा त्याला लागत न्हाई.”

लाईन थांबवणंसुद्धा ऑपरेटरच्या हातात नव्हतं. आग किंवा अपघातासाठीचं तांबडं बटण असतं, ते वेगळं, त्याला कुणी उगाच हात लावत नाही. पण साधं थांबवायचं, म्हणजे काहीतरी बिनसलंय असं वाटतंय म्हणून थांबवायचं, तर स्क्रीनवरून शिफ्ट सुपरवायझरच्या फोनवर रिक्वेस्ट जायची. त्याने ‘अॅप्रूव्ह’ केलं की लाईन थांबायची. आमच्या सुपरवायझरना सगळे शितोळे मामा म्हणतात. शेडमध्ये फोनला रेंज नाही. त्यामुळे मामांना अॅप्रूव्ह करायला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जावं लागायचं. ते जाऊन येईपर्यंत ज्या कारणासाठी लाईन थांबवायची होती ते कारण बहुतेक वेळा खोक्यात पॅक झालेलं असायचं.

रोबोट आले, कॅमेरे आले, पण खराब माल कमी झाला नाही. हेड ऑफिसला हे समजेना. त्यांनी एक ऑनलाइन सर्व्हे केला. त्यात निघालं की आमच्या कामगारांना ‘ऑटोनॉमी’ वाटत नाही, म्हणजे आपल्या कामावर आपला काही अधिकार आहे असं वाटत नाही. मग मुंबईहून नील आला. कन्सल्टंट. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं केलं आणि सांगितलं, “मला सर म्हणायचं नाही. नुसतं नील म्हणा.”

“बरं, नील सर,” शितोळे मामा म्हणाले.

नीलने इंग्रजीत प्रेझेंटेशन दिलं आणि मी ते मराठीत सांगितलं. मला माइक दिला होता. मी तो तोंडापासून लांब धरला. तो म्हणत होता की जिथे मशीन सगळं काम करतं तिथे माणसाकडे उरलेला विचार जास्त महत्त्वाचा होतो. ज्या कंपन्या मशीनबरोबर माणसालाही अधिकार देतात, त्यांचीच मशीनं नीट चालतात. मला ते पटलं. आजही पटतं. माझी तक्रार पुढच्या स्लाइडबद्दल आहे.

पुढच्या स्लाइडवर टार्गेट होतं. प्रत्येक ऑपरेटरने दर आठवड्याला किमान एक स्वतंत्र निर्णय घ्यायचा आणि तो लाईनवरच्या टॅबमध्ये नोंदवायचा. जो घेणार नाही त्याचं नाव लाल रंगात. म्हणजे स्वातंत्र्य सक्तीचं झालं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. थांबवण्याची अॅप्रूव्हल गेली. स्क्रीनवरचं ‘स्टॉप’ बटण दाबलं की लाईन थांबणार, मामांनी टाकीपाशी जायची गरज नाही. नीलने हे सांगितल्यावर टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मामांनी वाजवल्या. त्यांचे गुडघे दुखतात.

निर्णयांचा डॅशबोर्ड, म्हणजे स्क्रीनवरचा तक्ता, मी बनवला, शिफ्टच्या रँकिंगसकट. पहिल्या आठवड्यात निर्णय येईनात. खैरनार सरांनी मामांना केबिनमध्ये बोलावून काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून निर्णय धो धो यायला लागले. ‘आज मी हातमोजे बदलण्याचा निर्णय घेतला.’ ‘पाणी प्यायचा निर्णय घेतला.’ ‘खोकी डावीकडे होती, उजवीकडे घेतली.’ आणि दुसऱ्या दिवशी, ‘खोकी उजवीकडे होती, डावीकडे घेतली.’ एकाने लिहिलं, ‘पंखा माझ्याकडे वळवला.’ तो निर्णय सॉफ्टवेअरने नाकारला. पंखा मेंटेनन्सच्या अखत्यारीत येतो.

मी एकदा शिफ्ट सुरू होताना शेडमध्ये गेले तेव्हा या निर्णयांचं गुपित कळलं. मामा रांगेसमोर उभे राहून निर्णय वाटत होते.

“तू पंखा घेऊ नको, त्यो पास व्हत न्हाई. तू झाडू घे. तू हातमोजं. ए, तुझं हातमोजं झाल्यात गेल्या आठवड्यात, तू पानी घे. आन् छायाताई, तुमी काय घेताय?”

“मला न्हाई काय घ्यायचं,” लाईन तीनवरच्या छायाताई म्हणाल्या.

“आवो बाई, एखादा तरी निर्णय घ्या की! आपल्या शिफ्टचं रँकिंग पडतंय तुमच्यापायी.”

“मामा, निर्णय घेन्यासारखं कायतरी हुं द्या. घेते की मग.”

रांग हसली. मामांनी मला बघितलं आणि तेही हसले, जरा ओशाळे.

छायाताई वरवंडच्या. कंपनीची बस चौफुला, केडगाव, न्हावरे करत त्यांना आणते. चाळिशीच्या आसपासच्या असतील. बोलणं फटकळ. घरी भाजीपाल्याची शेती. कंपनीत त्या ट्रेनी म्हणून होत्या. नावाला ट्रेनी. दर काही महिन्यांनी त्यांना ‘ब्रेक’ देऊन घरी बसवायचं आणि मग पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं, असं बरेच दिवस चाललं होतं. त्या वर्षी मात्र परमनंट करायच्या नावांमध्ये त्यांचं नाव होतं. ते नाव मीच टाइप केल्यामुळे मला माहीत होतं, आणि त्यांनाही कसं कोण जाणे माहीत होतं.

“लग्नाला एवढी वर्षं झाली मॅडम,” त्या एकदा कॅन्टीनमध्ये माझ्या समोर बसून म्हणाल्या, “घरात मी सोडून सगळे परमनंट हायती. सासूबाई तर लईच.”

मी हसले. त्यांना चाललं. त्या दोघांच्या वाटचं बोलतात.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ. कस्टमरचा ट्रक मागच्या गेटवर लागलेला. माझ्या स्क्रीनवर लाईन तीन एकदम लाल झाली. मी शेडमध्ये गेले तर रोबोट ट्रे धरून हवेत थांबला होता आणि छायाताई बटणाजवळ उभ्या होत्या.

“काय झालं?”

“जळका वास येतोय. प्लॅस्टिकचा. घ्या, तुमी बी घ्या.”

मी वास घेतला. खरंच येत होता.

वितळलेलं प्लॅस्टिक बॅरलमध्ये जास्त तापलं की करपतं, आणि मग पारदर्शक ट्रेमध्ये काळे ठिपके येतात. त्याआधी वास येतो. म्हणून जळका वास म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट. मेंटेनन्सवाले आले. त्यांनी बॅरल पूर्ण रिकामा केला. याला पर्जिंग म्हणतात. आतलं सगळं प्लॅस्टिक जमिनीवर ओकून टाकायचं आणि नवीन दाणा भरून पुन्हा सगळं जुळवायचं. वेळ जातो, माल जातो. जमिनीवर स्वच्छ, काचेसारखा गोळा पडला. त्यात एक काळा ठिपका नाही. तापमान बरोबर. वायरिंग बरोबर. वास मात्र येतच होता.

शेवटी कुणीतरी मागचं शटर वर केलं आणि धुराचा लोट आत आला. कंपाउंडच्या भिंतीला लागून उसाचं रान आहे. तोडणी झाली होती, वाळलेला पाला रानातच पडून होता. मामा एका ड्रमवर चढले आणि भिंतीवरून ओरडले.

“ओ पाव्हनं! काय जाळताय?”

“पाचट!” पलीकडून आवाज आला. “आन् ठिबकच्या जुन्या नळ्या व्हत्या फाटलेल्या, त्या बी दिल्या लावून! का? काय झालं?”

“काय न्हाई!” मामा म्हणाले. “चालू द्या तुमचं!”

सगळी शेड हसली. पुढचे कित्येक दिवस हसत होती. “वरवंडची बाई आन् पाचटाचा धूर कळंना व्हय?” बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, हात धुताना. छायाताई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या.

“पाचट कळलं की मला! नळ्या जळत व्हत्या ना? मंग प्लॅस्टिकच जळत व्हतं का न्हाई? फकस्त आपलं नव्हतं!”

आता इथे एक सरळ सांगते. छायाताईंचं चुकलं होतं. मशीनला काही झालेलं नव्हतं. कंपनीचा माल गेला, ट्रक उशिरा गेला, आणि कस्टमरकडून सगळी कॅपिटल अक्षरं असलेला मेल आला. पण मी डॅशबोर्ड उघडला तर त्या आठवड्यात नोंदवलेल्या सगळ्या निर्णयांत हातमोजे होते, झाडू होते, पाणी होतं, आणि कशाचा तरी विचार करून घेतलेला निर्णय एकच होता. तो नेमका चुकीचा निघाला.

मी हे खैरनार सरांना विचारलं. मेलवर. समोर विचारायची हिंमत नव्हती. ते मेलला उत्तर द्यायला स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

“हे काय पाठवलंय? ‘ही घटना निर्णय म्हणून नोंदवावी का?’”

“सर, नीलच्या व्याख्येप्रमाणे तो निर्णय आहे.”

“ती चूक आहे. चूक हा निर्णय नसतो.”

“म्हणजे बरोबर आला तरच निर्णय धरायचा?”

“अर्थात.”

“पण तो बरोबर आहे की नाही हे घेतल्यानंतर कळतं ना, सर?”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मॉनिटर बोलला.

“नोटीस मराठीत करा,” ते म्हणाले. “तिला कळली पाहिजे.”

अशी ती नोटीस. ती घ्यायला छायाताई ऑफिसात आल्या. एसीत त्यांना नेहमी थंडी वाजते, पदर घट्ट घेऊन बसल्या. वाचली. पुन्हा वाचली.

“तुमी लिवली?”

“हो.”

“चांगली लिवली. आता ह्याचा खुलासा कोन लिवनार?”

“तुम्हाला लिहायचा आहे.”

“मला येत न्हाई असलं कडक. तुमीच लिवा. मी सांगते.”

आमच्याकडे हे नवीन नाही. नोटीस टाइप करणाराच खुलासाही टाइप करतो. दोन्हीचे नमुने एकाच फोल्डरमध्ये आहेत. मी खुलाशाचा नमुना उघडला आणि वाचून दाखवला. “माझ्याकडून अनवधानाने चूक झाली असून पुन्हा अशी चूक होणार नाही, तरी मला माफ करावे.”

“अनवधानानं म्हंजी?”

“लक्ष नसताना.”

“ते काढा. माझं लक्ष व्हतं. लक्ष व्हतं म्हनून तर वास आला.”

मी काढलं.

“चूक झाली, ते ऱ्हाऊ द्या. झाली. आन् पुन्हा होणार न्हाई, ते बी काढा.”

“छायाताई,” मी म्हटलं, “ते वाक्य लागतं. त्याच्यावरच सगळं असतं. तुमची फाइल आत्ता कन्फर्मेशनला आहे.”

“ठावं हाय मला. पन उद्या वास आला तर काय करू? आधी भिताडावर चढून बघू का, कुनाच्या रानात काय पेटलंय ते?”

मी ते वाक्यही काढलं. उरला तो खुलासा दीड ओळीचा. सरांनी तो वाचला आणि विचारलं, “माफी कुठंय यात?” मी म्हटलं, त्यांनी एवढंच सांगितलं. छायाताईंची परमनंटची फाइल ‘होल्ड’वर गेली. त्यांना लाईनवरून काढून मागच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी उभी करायला पाठवलं. तिथे स्क्रीन नाही, बटण नाही, निर्णयही नाही. कुणीतरी नोटिशीचा फोटो काढून शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. नुसता फोटो. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्यानंतर माझा डॅशबोर्ड फार सुंदर दिसायला लागला. निर्णय भरपूर, सगळे हिरवे. लाईन थांबणं बंद. एकही लाईन एकाही ऑपरेटरने थांबवली नाही. नीलचा व्हिडिओ कॉल आला.

“फँटॅस्टिक!” तो म्हणाला. “झिरो स्टॉपेज आणि हंड्रेड परसेंट ऑटोनॉमी! मी ही केस स्टडी दुसऱ्या प्लान्टला दाखवणार आहे.”

खैरनार सर नम्रपणे हसले. मी म्यूटवर होते. मी नेहमीच म्यूटवर असते.

काही आठवड्यांनी कस्टमरकडून एक ट्रक परत आला. भरलेला. ट्रेवर, बरोबर मध्यभागी, एक गोल वळ होता, ग्लास ठेवल्यावर टेबलावर उमटतो तसा. झालं होतं असं की रोबोट ट्रे उचलतो तो रबरी वाट्यांनी, हवा ओढून. त्यांना सक्शन कप म्हणतात. एका कपचं रबर झिजलं होतं आणि ट्रे कोमट असतानाच त्याचा ठसा उमटत होता. कॅमेऱ्याला काळे ठिपके आणि तुटलेल्या कडा शोधायला शिकवलं होतं. गोल वळ कुणी शिकवला नव्हता. कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळं ओके होतं. माणसाच्या दृष्टीने तो वळ दारातून दिसत होता. मी स्वतः दारातून बघितला, परत आलेल्या खोक्यात.

खैरनार सरांनी शेडमध्येच मीटिंग घेतली. एक ट्रे डोक्यावर धरून त्यांनी विचारलं, “हे कुणालाच दिसलं नाही?”

त्यांनी ट्रे सगळ्यांसमोरून फिरवला.

“एवढा मोठा वळ! इतक्या माणसांत एकालाही दिसला नाही?”

“दिसला की सर,” मागून एक ऑपरेटर म्हणाला. पंखा वळवणारा तोच. “समद्यांना दिसला.”

“मग लाईन का थांबवली नाही?”

“स्क्रीनवर ओके येत व्हतं.”

“स्क्रीन मरू दे! तुम्हाला अधिकार दिलाय ना थांबवायचा? पोस्टर वाचलं नाही का?”

“पोस्टर वाचलं, सर. नोटीस बी वाचली. नोटीस लई सोप्या मराठीत व्हती.”

मी माझ्या बुटांकडे बघितलं. माझ्या मराठीचं एवढं कौतुक शाळेतसुद्धा कधी झालं नव्हतं.

ट्रक परत आला की प्रकरण तिथेच संपत नाही. कस्टमर लेखी विचारतो की हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय केलं, आणि मग स्वतःचा ऑडिटर पाठवतो. ऑडिटर म्हणजे दुसऱ्याच्या घरात येऊन फडताळं उघडून बघायचा परवाना असलेला पाहुणा. या वेळी आमचं कामच काढून घेण्याचा विषय होता. कस्टमरने स्पष्ट कळवलं होतं, पुरावा समाधानकारक नसेल तर ट्रेची ऑर्डर दुसऱ्याला. त्यांच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा होता: तुमच्या ऑपरेटरला स्वतःहून लाईन थांबवण्याचा अधिकार आहे का? असल्यास, तो वापरल्याचं उदाहरण दाखवा.

खैरनार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नील स्क्रीनवर होता, कुठल्यातरी एअरपोर्टवरून.

“डेटा काढा,” सर म्हणाले. “ऑपरेटरनी लाईन थांबवल्याची उदाहरणं. चार-पाच चांगली निवडू.”

“चार-पाच नाहीत, सर.”

“मग किती आहेत?”

“एक आहे.”

“कोणाचं?”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नाव बोलून दाखवलं नाही. सरांनी ते दोनदा वाचलं. मागे एअरपोर्टवर कुणाची तरी फ्लाइट लागल्याची घोषणा चालू होती.

“दॅट्स ग्रेट!” नील म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. “रिअल ऑपरेटर, रिअल स्टॉप! तिलाच ऑडिटरसमोर उभं करा!”

छायाताईंना बोलावलं. त्या हाताला चिकटलेला पुठ्ठ्याचा भुसा झटकत आल्या.

“बसा, छायाताई,” खैरनार सर म्हणाले. ते त्यांना ‘ताई’ म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. “उद्या कस्टमरचे ऑडिटर येतायत. तुम्ही त्यांना फक्त एवढं सांगायचं, की आमच्याकडे लाईन थांबवायचा अधिकार ऑपरेटरला आहे, आणि मी एकदा थांबवली होती.”

“पन मी तर खोक्यात हाय, सर. लाईनवर कशी दिसंन?”

“आजपासून लाईनवर या.”

“आन् नोटीस?”

“नोटीस काय घेऊन बसलात! ती मिटली.”

“कवा मिटली?”

“आत्ताच. मी सांगतोय ना.”

“दिली तवा कागदावर दिली व्हती. मिटवायची बी कागदावरच मिटवा.”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी की-बोर्डकडे बघायला लागले.

“बरं,” सर म्हणाले. “आणखी काही?”

“परमनंटचं?”

“ते प्रोसेसमध्ये आहे.”

“मंग मी बी प्रोसेसमधी हाय, सर. त्यो ऑडिटर इचारंल तवा बगू काय सुचतंय.”

त्या हे भांडणाच्या सुरात म्हणाल्या नाहीत. बाजारात भेंडीचा भाव सांगावा आणि गिऱ्हाइकाकडे न बघता पाटी सारखी करत राहावं, तसं म्हणाल्या. सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग थांबवला.

“दोन्ही पत्रं टाइप करा,” ते मला म्हणाले. “आज.”

मी इतक्या वेगाने कधी टाइप केलेलं नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि तेवढ्यात सरांचं मन बदललं तर, ही एकच भीती होती. अडकला नाही. छायाताईंनी दोन्ही पत्रं उभ्याउभ्या वाचली, एकदा पालथी करून मागे काही लिहिलेलं नाही ना ते बघितलं, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ऑडिटर दाक्षिणात्य होते, शांत, हातात छोटी बॅटरी. ते मराठी बोलत नव्हते, म्हणून पुन्हा मी मध्ये. त्यांनी लाईन तीनसमोर छायाताईंना विचारलं की तुम्ही लाईन का थांबवली. त्यांनी पाचटासकट सगळं सांगितलं. मी सगळं इंग्रजीत सांगितलं. ठिबकच्या नळ्यांना माझ्याकडे चांगला इंग्रजी शब्द नव्हता, तो खैरनार सरांनी पुरवला. ऑडिटर हसले.

“म्हणजे तुमचा अंदाज चुकला.”

“व्हय, चुकला.”

“मग मॅनेजमेंटने काय केलं?”

मी हा प्रश्न मराठीत सांगितला. खैरनार सर रोबोटकडे बघत होते, जणू तो आत्ताच बसवलाय. छायाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“परमनंट केलं,” त्या म्हणाल्या.

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. मध्ये काय काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि भाषांतर करणाऱ्याने आपल्या पदरचं घालायचं नसतं.

ऑडिटरनी पेन काढलं. “चुकीच्या स्टॉपला शिक्षा नाही,” असं काहीतरी लिहून घेतलं, आणि त्याखाली रेघ ओढली. ऑर्डर राहिली. कंपनीच्या फाइलला आता ही घटना ‘बेस्ट प्रॅक्टिस’ म्हणून जोडलेली आहे. नीलने ती दुसऱ्या प्लान्टला दाखवली.

त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण नीलच्या स्लाइडवर ते नाही. बातमी संध्याकाळच्या बसनेच वरवंडपर्यंत पोचली. लाईन थांबवली आणि बाई परमनंट झाली. दुसऱ्या दिवसापासून लायनी थांबायला लागल्या. वास येतो म्हणून, आवाज वेगळा येतो म्हणून, ट्रे हाताला जास्त गरम लागतो म्हणून. ज्यांची फाइल कन्फर्मेशनला आहे त्यांना जरा जास्तच वास येतात. शितोळे मामा हैराण आहेत. “मॅडम, आता तर कुत्रं भुकलं तरी बटन दाबत्यात,” ते म्हणतात. खैरनार सर रोज विचारतात, एवढ्या वेळा लाईन का थांबते? पण त्यानंतर ट्रक परत आलेला नाही, म्हणून ते फार जोरात विचारत नाहीत.

माणसाला अधिकार दिला हे त्याला पोस्टरवरून कळत नाही. तो अधिकार आधी ज्याने वापरला त्याचं पुढे काय झालं, त्यावरून कळतं. एवढं कळायला आम्हाला एक कन्सल्टंट, एक नोटीस आणि एक परत आलेला ट्रक लागला.

लाईन थांबवली त्यापैकी किती वेळा खरंच काहीतरी बिघडलेलं निघतं, याचा आकडा मी काढून ठेवलाय. बरा आहे, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच बरा. पण तो मी डॅशबोर्डवर टाकलेला नाही. टाकला की त्याचं टार्गेट होईल, आणि टार्गेट झालं की शिफ्ट सुरू होताना मामा रांगेसमोर उभे राहून कुणी कितीदा लाईन थांबवायची ते वाटून देतील.